पडद्यावरचा इतिहास आणि खुलताबादची कबर

गेल्या काही महिन्यांत मी लागोपाठ बरेच सिनेमे पाहिले. काही थिएटरात, बाकीचे घरी. ‘छावा’ पाहिला. मग ‘तान्हाजी’ आणि ‘पद्मावत’ पुन्हा पाहिले. ‘पानिपत’ राहून गेला होता, तोही पाहिला. मराठीतला ‘फत्तेशिकस्त’ पाहिला. कुठे मारधाड जास्त, कुठे कारस्थान आणि थरार जास्त, कुठे घरातली भांडणे आणि रडारड जास्त. पण पाचही सिनेमे स्वतःला ऐतिहासिक म्हणवतात, आणि पाचहींमध्ये शत्रूच्या छावणीत एकसारखाच काळोख असतो.

सिनेमा हा सिनेमा म्हणून पाहावा, त्यात इतिहास शोधू नये, असे मित्र सांगतात. इतर शहरांत ते जमत असेल. आमच्या शहराचे नाव २०२३मध्ये अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले. त्याआधी साडेतीनशेहून अधिक वर्षे ते औरंगाबाद होते. ‘छावा’चा नायक आणि खलनायक या दोघांच्या नावांमधून ज्या गावाला जावे लागले, असे हे गाव. इथून पंचवीसेक किलोमीटरवर खुलताबादला औरंगजेबाची कबर आहे. सिनेमा १४ फेब्रुवारी २०२५ला लागला आणि महिनाभरातच त्या कबरीभोवती पोलीस बंदोबस्त वाढला, पत्रे ठोकले गेले. १७ मार्चला कबर हटवण्याच्या मागणीवरून नागपुरात दंगल झाली. त्यात एकाचा जीव गेला. या सिनेमामुळे औरंगजेबाविषयी लोकांचा राग उफाळून आला, असे खुद्द मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले. तिकडे बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याशी लोक रात्री बॅटऱ्या घेऊन शेतात सोन्याची नाणी खणू लागले, कारण सिनेमात मोगलांचा बुऱ्हाणपूरचा खजिना दाखवला होता.

म्हणजे सिनेमा हा फक्त सिनेमा आहे, असे प्रेक्षकच मानत नाहीत. मग त्याच्याशी इतिहास म्हणून बोलणे भाग आहे.

सिनेमा म्हणून कसे आहेत?

आधी सिनेमा म्हणून मला काय वाटले ते सांगतो. नाहीतर आमच्यासारख्यांनी काहीही लिहिले तरी ‘यांना सिनेमा आवडला नाही म्हणून हे बोलतात’ असे म्हटले जाते.

‘छावा’ मला पूर्वार्धात कंटाळवाणा वाटला. एक लढाई, मग घोषणा, पुन्हा लढाई, पुन्हा घोषणा. पार्श्वसंगीताचा आवाज इतका की संवाद ऐकायला कान टवकारावे लागतात. पण शेवटचा भाग, संगमेश्वरच्या कैदेपासून पुढचा, अंगावर येतो. विकी कौशलने त्यात जीव ओतला आहे. मी पाहिलेल्या खेळाला शेजारी बसलेला तरुण हमसून रडत होता. ते रडणे खोटे नव्हते. एका माणसाला साखळदंडात बांधून त्याचे हाल करून मारले गेले, हे ऐतिहासिक सत्य आहे आणि ते पाहून कुणालाही रडू यावे. सगळ्यात चांगले काम मात्र अक्षय खन्नाचे आहे. थकलेला, हळू बोलणारा, हातात विणकाम घेऊन बसलेला म्हातारा बादशहा त्याने उभा केला. लेखकाने त्याला फार काही दिलेले नाही, तरी त्याच्या डोळ्यांत एक कंटाळा दिसतो. दख्खनमध्ये पंचवीस वर्षे अडकून पडलेल्या माणसाचा कंटाळा. संपूर्ण सिनेमात इतिहासाच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट मला तीच वाटली.

‘तान्हाजी’ करमणूक म्हणून वेगवान आहे. ४ फेब्रुवारी १६७०ची कोंढाण्याची लढाई मुळातच चित्तथरारक. पण उदयभान राठोड हा राजपूत किल्लेदार पडद्यावर येतो तो काळ्या कपड्यांत, मगरीचे मांस खात, विक्षिप्त हसत. तो ‘पद्मावत’मधल्या अलाउद्दीन खिलजीचा धाकटा भाऊ शोभतो. राजपूत असला तरी मोगलांच्या बाजूने लढला ना, मग त्याचे रूप तसेच केले. सैफ अली खानने ही भूमिका केली आणि हा काही इतिहास नव्हे, असे नंतर एका मुलाखतीत सांगूनही टाकले.

‘फत्तेशिकस्त’ मला त्यातल्या त्यात आवडला, कारण तो मुळात थरारपट आहे. शत्रूच्या वाड्यात शिरायचे कसे, पहारा कुठे, बाहेर पडायचे कसे. ५ एप्रिल १६६३ची लाल महालातली शायिस्ताखानाची गोष्ट सांगायला हीच रीत योग्य. त्या रात्रीबद्दल इतिहासात एक तपशील आहे. मराठ्यांची तुकडी मोगल छावणीच्या पहाऱ्यावर अडवली गेली, तेव्हा ‘आम्ही बादशाही फौजेतलेच दख्खनी शिपाई, चौकीवर चाललो आहोत’ अशा अर्थाचे उत्तर देऊन ती पुढे गेली. हे उत्तर पटले, कारण मोगल छावणी मराठी शिपायांनी खरोखरच भरलेली होती. हा सबंध छापा ज्या एका गोष्टीमुळे शक्य झाला ती ही होती. मला ती तलवारबाजीपेक्षा रंजक वाटते. बोटे गमावलेला शायिस्ताखान त्यानंतर आमच्याच औरंगाबादेत येऊन राहिला आणि पुढे बंगालला रवाना झाला.

‘पानिपत’ चालला नाही. मला मात्र तो या सगळ्यांत जास्त प्रामाणिक वाटला. पराभवाची गोष्ट सांगताना माणूस जरा खरे बोलतो. त्यात मराठ्यांच्या तोफखान्याचा सरदार इब्राहिमखान गारदी आहे आणि त्याची निष्ठाही आहे. १४ जानेवारी १७६१ला गारदी शेवटपर्यंत लढला, पकडला गेला आणि मारला गेला. सिनेमात न सांगितलेली दुसरी बाजू अशी की अब्दालीच्या आघाडीत अवधच्या शुजाउद्दौलासोबत गोसाव्यांची फौज होती. त्याच शुजाच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने त्या लढाईची हकिकत फारसीत लिहून ठेवली. मराठ्यांकडे गारदी आणि अब्दालीकडे गोसावी, हे एकत्र दाखवले तर प्रेक्षकाला टाळ्या कुठे वाजवायच्या ते कळणार नाही.

‘पद्मावत’बद्दल थोडक्यात. अमीर खुसरो १३०३च्या चितोड मोहिमेत स्वतः अलाउद्दीनबरोबर होता. त्याच्या वृत्तांतात पद्मिनी नाही. पद्मिनी येते ती १५४०च्या सुमारास, मलिक मुहंमद जायसीच्या अवधी काव्यात. जायसी हा सूफी कवी. एका मुसलमान सूफीने रचलेल्या प्रेमरूपकाचा उपयोग पाचशे वर्षांनी मुसलमान सुलतानाला कच्चे मांस तोडणारा पशू दाखवण्यासाठी व्हावा, याला काय म्हणावे? दौलताबादच्या किल्ल्याखालून जाताना मला नेहमी आठवते की हाच अलाउद्दीन १२९६मध्ये देवगिरीवर चालून आला होता, त्याने लूट नेली, आणि पुढे याच देवगिरीच्या रामचंद्रदेवाला दिल्लीत मानाने वागवून ‘रायरायान’ असा किताब दिला. लूट आणि किताब दोन्ही खरे. सिनेमाला दोन्ही एकत्र झेपत नाही.

संभाजीराजांची पहिली बदनामी कुणी केली?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ‘छावा’ पाहून बाहेर पडणाऱ्या माणसाला वाटते की संभाजीराजांचा शत्रू एकच होता. पण राजांच्या मृत्यूनंतर दीड-दोनशे वर्षे त्यांची जी बदनामी झाली, ती कुणी केली हे त्याला ठाऊक नसते. फारसी तवारीखकारांनी शत्रू म्हणून लिहिले, ते अपेक्षितच होते. व्यसनी, उतावळा, राज्य बुडवणारा अशी प्रतिमा मराठी मनात रुजवली ती मराठी लेखणीने. मल्हार रामराव चिटणीसांनी राजांच्या मृत्यूनंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी बखर लिहिली. त्यांचे पूर्वज बाळाजी आवजी यांना संभाजीराजांनी कटाच्या आरोपावरून देहांत शासन दिले होते. ती सल बखरीत उतरली. बखरीतून ती नाटकांत आली. राम गणेश गडकऱ्यांचे अपुरे राहिलेले ‘राजसंन्यास’ त्याच प्रतिमेवर उभे आहे. मग ती सिनेमात आली. १९४१मध्ये भालजी पेंढारकरांचा ‘थोरातांची कमळा’ आला. त्यातली प्रेमकथा पुढे संशोधकांनी काल्पनिक ठरवली, पण तोवर ती घराघरांत पोचली होती.

हा डाग पुसला कुणी? कुठल्या सिनेमाने नाही, कुठल्या मोर्चाने नाही. वा. सी. बेंद्रे नावाच्या एका संशोधकाने. त्यांनी सुमारे चाळीस वर्षे कागदपत्रे धुंडाळली आणि १९६०मध्ये संभाजी महाराजांचे चरित्र प्रसिद्ध केले. याच बेंद्र्यांनी शिवाजी महाराजांचे अस्सल चित्र शोधून काढले होते. त्याआधी महाराजांचे म्हणून जे चित्र छापले जात होते, ते इब्राहिमखान नावाच्या एका मुसलमान सरदाराचे निघाले! बेंद्र्यांच्या मागून कमल गोखले यांचे ‘शिवपुत्र संभाजी’ आले. संस्कृतात ‘बुधभूषण’ रचणारा, एकाच वेळी मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीज अशा आघाड्यांवर लढणारा राजा तेव्हा कुठे दिसू लागला. शिवाजी सावंतांची ‘छावा’ ही कादंबरी त्यानंतरची, आणि तिच्यावर बेतलेला सिनेमा तर आत्ताचा.

मला यातून एकच गोष्ट सांगायची आहे. रंगमंचाने आणि पडद्याने एखाद्या माणसाचे एकदा सोंग रंगवले की कागदपत्रांना ते पुसायला किती वेळ लागतो, हे मराठी समाजाइतके कुणालाच ठाऊक नाही. त्याने हे स्वतःच्या राजाच्या बाबतीत भोगले आहे. जानेवारी २०१७मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा काढून नदीत टाकण्यात आला. नाटक लिहून शंभर वर्षे होत आली होती, नाटककार १९१९मध्येच वारला होता, तरी जखम ओली होती. पुतळा फोडणे मला मुळीच मान्य नाही. पण एका नाटकातल्या चित्रणाने माणसे किती दुखावतात, याचा तो पुरावा आहे. ‘छावा’च्या वेळीही असेच झाले. राजांनी लेझीम खेळण्याच्या दृश्यावर आक्षेप आला, दिग्दर्शकाने दृश्य काढले. गणोजी आणि कान्होजी शिर्के यांना फितूर दाखवल्याबद्दल शिर्क्यांच्या वंशजांनी आक्षेप घेतला, दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली. ठीकच झाले. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या पूर्वजामुळे आजच्या घराण्याने मान खाली का घालावी?

मग हाच न्याय पुढे न्या. ज्यांचा औरंगजेबाशी रक्ताचा, गावाचा, भाषेचा काही संबंध नाही, अशा मराठी मुसलमानाने सिनेमा सुटल्यावर थिएटरबाहेरच्या घोषणा ऐकत खाली मान घालून का चालावे?

कात्रीत गेलेला इतिहास

औरंगजेब माझा कुणी लागत नाही. त्याने बापाला कैदेत ठेवले, दारा शुकोहला मारले, सरमदसारख्या फकिराला मारले, गुरू तेगबहादुरांना मारले. काशी-मथुरेची मंदिरे पाडली, १६७९मध्ये जिझिया पुन्हा लादला. संभाजीराजांचे जे हाल केले त्याचे समर्थन कुणीही करू नये. हे सगळे सिनेमात दाखवले तर तक्रार नाही. तक्रार आहे ती जे कापून टाकले त्याबद्दल.

पहिली गोष्ट आमच्या शहराची. पुरंदरच्या तहानंतर आणि आग्र्याहून सुटकेनंतर काही काळ मोगल-मराठे समझोता होता. त्या काळात, १६६७च्या अखेरीस, दहा वर्षांचे संभाजीराजे मोगलांचे मनसबदार म्हणून औरंगाबादेत आले आणि शहजादा मुअज्जमला भेटले. त्यांच्या वतीने प्रतापराव गुजर आणि निराजी रावजी फौजेसह इथे राहिले. आज ज्यांच्या नावाने हे शहर ओळखले जाते, ते लहानपणी या शहरात पाहुणे म्हणून येऊन गेले. ही गोष्ट शहरातल्या किती मुलांना माहीत आहे?

दुसरी गोष्ट शहजादा अकबराची. औरंगजेबाचा हा मुलगा बापाविरुद्ध बंड करून १६८१मध्ये दुर्गादास राठोडाबरोबर संभाजीराजांच्या आश्रयाला आला. राजांनी त्याला ठेवून घेतले. अंबरच्या रामसिंगाला त्यांनी संस्कृतात पत्र लिहिले. अकबराला दिल्लीच्या तख्तावर बसवावे आणि राजपुतांनी त्यात साथ द्यावी, असा तो बेत होता. म्हणजे संभाजीराजांचे राजकारण एका मुसलमान बादशहाला हटवून दुसरा मुसलमान बादशहा बसवण्याचे होते, कारण तो त्यांच्या राज्याला सोयीचा होता. हे केवढे नाट्य आहे! बापाला उलथवायला निघालेला मुलगा, परक्या मुलखातला राजपूत आणि आश्रय देणारा तरुण छत्रपती. सिनेमात अकबर दिसतो, पण हा डाव उलगडत नाही.

तिसरी गोष्ट पकडले जाण्याची. फेब्रुवारी १६८९मध्ये संगमेश्वरला राजांना पकडणारा मुकर्रबखान हा आधी गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचा सरदार. गोवळकोंडा १६८७मध्ये औरंगजेबानेच बुडवला, आणि बुडवणारा कोण होता तर स्वतःला धर्मनिष्ठ म्हणवणारा बादशहा. विजापूरची आदिलशाहीही त्याने १६८६मध्ये संपवली. ही लढाई धर्माची होती तर दख्खनमधल्या दोन मुसलमान सलतनती त्याने आधी का गिळल्या?

चौथी गोष्ट झीनतउन्निसाची. पडद्यावर ही शहजादी करड्या चेहऱ्याची, सूडाने पेटलेली आहे. रायगड पडल्यावर येसूबाई आणि बाल शाहू मोगलांच्या कैदेत गेले आणि शाहू १७०७पर्यंत छावणीत वाढले. त्यांच्याकडे मायेने पाहणारी बाई म्हणून इतिहासकार याच झीनतचे नाव घेतात. सुटकेनंतर शाहू महाराज खुलताबादला बादशहाच्या कबरीवर जाऊन आले, असेही इतिहासकारांनी लिहिले आहे. ज्याच्या बापाला औरंगजेबाने मारले, तो मुलगा कबरीपाशी उभा राहिला. त्याच्या मनात काय असेल? माफी, मुत्सद्देगिरी, की अठरा वर्षांच्या सहवासाची सवय? मी दिग्दर्शक असतो तर सिनेमा इथून सुरू केला असता.

आकडेही बोलके आहेत. अतहर अली यांनी औरंगजेबाच्या उमरावांच्या नोंदी मोजल्या. त्याच्या राजवटीच्या पूर्वार्धात हजारी आणि त्यावरच्या मनसबदारांत हिंदू सुमारे २२ टक्के होते, ते उत्तरार्धात सुमारे ३२ टक्के झाले. त्यातली मोठी भर मराठा सरदारांची. जिझिया लादल्यानंतरच्या काळातली ही वाढ आहे. ही त्याची उदारता नव्हती. लढाई जिंकता येत नाही म्हणून सरदार फोडण्याचा तो सौदा होता. बुऱ्हाणपूरचा भीमसेन सक्सेना हा कायस्थ बुंदेल्यांच्या पदरी मोगल फौजेत होता. त्याने ‘तारीख-ए-दिलकुशा’मध्ये या न संपणाऱ्या मोहिमांनी मुलूख कसा उजाड झाला ते लिहिले आहे. धर्मापेक्षा जहागीर, पगार आणि थकवा यांचा तो इतिहास आहे.

‘मामू, अपन कौनसे साइड में थे?’

माझा भाचा अकरावीत आहे. मित्रांबरोबर ‘छावा’ पाहून आला आणि रात्री जेवताना त्याने विचारले, ‘‘मामू, अपन कौनसे साइड में थे?’’

या प्रश्नाने मला सिनेमापेक्षा जास्त हलवले. कारण पोराने बाजू दोनच आहेत हे आधीच मान्य केले होते. प्रश्न फक्त आपली कोणती एवढाच.

आमच्याकडे यावर दोन उत्तरे तयार असतात. एक उत्तर म्हणजे शिवाजी महाराजांच्या सैन्यातल्या मुसलमानांची यादी. दौलतखान, सिद्दी हिलाल, नूरबेग, काझी हैदर. यादी खरी आहे, पण ती चारित्र्याच्या दाखल्यासारखी दरवेळी खिशातून काढून दाखवावी लागते, याची मला लाज वाटते. शिवाय यादीतला काझी हैदर पुढे औरंगजेबाकडे गेला, मग काय करायचे? नोकरी होती, ती बदलली, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरे उत्तर जास्त वाईट आहे. तुम्ही आम्हाला औरंगजेबाची औलाद म्हणता ना, मग घ्या, असे म्हणत काही पोरे त्याचे चित्र मोबाइलच्या स्टेटसला लावतात. जून २०२३मध्ये कोल्हापुरात अशाच स्टेटसवरून हिंसाचार झाला. राजर्षी शाहूंच्या कोल्हापुरात! या पोरांना वाटते आपण विरोध करतो आहोत. खरे तर सिनेमाने जे म्हटले त्याखालीच ती सही करतात. सिनेमा म्हणतो, हा तुमचा. पोरगा म्हणतो, होय, माझा. तो तुझा कसा? तुझा पणजोबा पैठणला विणकर होता, की गंगापूरला शेतमजूर? बादशहाने त्याला काय दिले होते?

भाच्याला मी एवढेच सांगितले की बेटा, आपण बहुतेक त्या बाजूला होतो जिच्या शेतातून दोन्ही फौजा गेल्या. त्याला उत्तर पुरते पटले असे वाटले नाही. त्यात घोडा नव्हता, तलवार नव्हती.

पूर्वीच्या पडद्याने काय केले?

ऐतिहासिक सिनेमा आजचा नाही. बाबुराव पेंटरांनी १९२३मध्ये ‘सिंहगड’ काढला. व्ही. शांताराम यांनी १९३३मध्ये त्याच कथेवर बोलपट केला. दोन्हींचा आधार हरी नारायण आपट्यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी. ‘तान्हाजी’तली कैदेत असलेली राजपूत विधवा त्या कादंबरीतूनच चालत आलेली आहे. म्हणजे कल्पना मिसळणे तेव्हाही होते. पण एक फरक होता. शांतारामांच्या १९३०च्या मूकपटाचे नाव आधी ‘स्वराज्य तोरण’ होते. इंग्रज सेन्सॉरला ‘स्वराज्य’ हा शब्द खुपला आणि सिनेमा ‘उदयकाल’ नावाने आला. इंग्रजाला बरोबर कळले होते. पडद्यावर शत्रू मोगल किंवा आदिलशहा असला तरी प्रेक्षक त्या जागी गोऱ्या साहेबाला पाहत होता. शत्रू म्हणजे सत्ता होती.

आज पडद्यावरचा तोच मोगल पाहताना प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर कोण येतो? सत्तेवरचा कुणी नाही. समोरच्या गल्लीतला गॅरेजवाला, फळवाला, शाळेत शेजारी बसणारा मुलगा. मला या सिनेमांतला सर्वांत मोठा बदल हाच वाटतो. गोष्टी त्याच, गड तेच, घोषणा त्याच. पूर्वी त्या राज्यकर्त्याच्या विरोधात होत्या, आता शेजाऱ्याच्या विरोधात आहेत.

आणि याच शांतारामांनी १९४१मध्ये ‘शेजारी’ काढला होता. जिवबा आणि मिर्झा हे दोन म्हातारे दोस्त, एक हिंदू, एक मुसलमान. गावात धरण बांधायला आलेला कंत्राटदार स्वार्थापोटी त्यांच्यात फूट पाडतो. मराठीत केशवराव दाते आणि गजानन जागीरदार होते. हिंदी ‘पडोसी’त हिंदू म्हाताऱ्याचे काम मजहर खान यांनी केले आणि मुसलमान म्हाताऱ्याचे जागीरदारांनी. आजच्या सिनेमांच्या रांगेत तो ठेवून पाहा. त्यातही खलनायक आहे, पण तो भांडण लावणारा आहे.

न निघालेला सिनेमा

निर्मात्यांना मारधाड हवी असेल तर आमच्या मराठवाड्याच्या मातीत एक पटकथा तयार पडली आहे. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला एक मुलगा दख्खनमध्ये येतो, वजीर होतो, निजामशाही सांभाळतो, १६१०मध्ये खडकी हे शहर वसवतो, त्याला पाणी मिळावे म्हणून जमिनीखालून नहर खेळवतो. तोच मलिक अंबर, आणि तेच आमचे आजचे शहर. वेरूळच्या मालोजी भोसल्यांची मुले शहाजी आणि शरीफजी त्याच्या बाजूने लढतात. १६२४मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र येऊन निजामशाहीवर चालून येतात. अंबर तलावाचा बांध फोडून शत्रूची छावणी चिखलात बुडवतो. शहाजीराजे पराक्रम गाजवतात, शरीफजी रणात पडतात. शहाजीराजांचे सासरे लखुजी जाधवराव तेव्हा मोगलांच्या चाकरीत असतात. गनिमी काव्याची शाळा, जावई-सासऱ्याची ओढाताण, भावाचा मृत्यू, पाण्याचा लोंढा. अजून काय पाहिजे?

पण हा सिनेमा निघत नाही. त्यात भोसले एका हबशी मुसलमान वजिराबरोबर आहेत आणि शत्रूकडेही हिंदू-मुसलमान दोन्ही आहेत. प्रेक्षकाने कुणाच्या नावाने घोषणा द्यायच्या ते ठरत नाही.

मालोजीराजांची समाधी वेरूळला आहे. मलिक अंबरची कबर खुलताबादला. दोन्हींत अंतर चार-पाच किलोमीटर. मधल्या घाटरस्त्यावरून घृष्णेश्वराचे भाविकही जातात आणि दर्ग्यांचे जायरीनही. खुलताबादच्या दुकानदारांनी गेल्या काही काळात पाहिले की वर्तमानपत्रांत कबर गाजली की गिऱ्हाईक कमी होते. त्या गिऱ्हाइकांत आणि दुकानदारांत दोन्ही समाजांची माणसे आहेत.

हे सिनेमे बंद करा असे मी म्हणत नाही. बंदीची मागणी करणाऱ्यांच्या रांगेत मला उभे राहायचे नाही. संभाजीराजांवर पुन्हा पुन्हा सिनेमे निघावेत, त्यांच्या शौर्याने पोरांचे ऊर भरून यावेत. माझी मागणी एवढीच, की ज्या राजाला बखरी, नाटके आणि सिनेमांनी दीडशे-दोनशे वर्षे खोटे रंगवले आणि बेंद्र्यांसारख्यांनी कागद चाळून न्याय मिळवून दिला, त्याच्या नावाने दुसऱ्या कुणाला खोटे रंगवू नका. आणि आपल्या पोरांनाही सांगायचे आहे, की स्टेटस काढून टाका आणि एक दिवस वेरूळ-खुलताबादला जा. आधी मालोजीराजांच्या समाधीपाशी थांबा, मग मलिक अंबरच्या कबरीपाशी. जाताना त्या हिंदू मित्रालाही घेऊन जा, ज्याच्याबरोबर सिनेमा पाहिला होता.